नऊच्या राऊंडमधली अकरा मिनिटे

दुसऱ्या लाटेत माझी पोस्टिंग नाशिकला झाली. सैन्याच्या नर्सिंग सेवेतले माझे ते एकविसावे वर्ष होते. हुद्दा मेजर. शहराबाहेर एका कॉलेजचे वसतिगृह रिकामे करून तिथे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तात्पुरते कोविड रुग्णालय उभे केले होते. कॉलेजचे नाव इथे देत नाही. माझे घर इंदिरानगरमध्ये, आई तिथे एकटी. रुग्णालयापासून अंतर नऊ किलोमीटर. पहिले सात आठवडे मी घरी गेले नाही.

माझ्याकडे वॉर्ड दोन दिला होता. ही वसतिगृहाच्या मेसची खोली. टेबले बाहेर काढून तिथे बारा-बाराच्या दोन ओळींत चोवीस खाटा लावल्या होत्या. एका पाळीला एक नर्सिंग ऑफिसर, दोन नर्सिंग असिस्टंट, एक सफाई कर्मचारी. नर्सिंग असिस्टंट म्हणजे शुश्रूषेचे प्रशिक्षण घेतलेला जवान. बंदूक त्यालाही चालवता येते, पण त्याचा ट्रेड रुग्णसेवेचा.

पहिल्या आठवड्यात वॉर्डमध्ये पाच मृत्यू झाले. पीपीई किट चढवले की सहा तास पाणी नाही, लघवी नाही. गॉगलवर वाफ धरायची आणि शीर चाचपडत शोधावी लागायची. रुग्ण घाबरलेले. बहुतेक जण साठीच्या पुढचे, सीमेवर नोकरी केलेले, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेताना बघत पडलेले. माझ्या हाताखालची एक लेफ्टनंट किट उतरवायच्या खोलीत भिंतीला टेकून खाली बसली आणि वीस मिनिटे उठली नाही. मी तिला सांगितले की पुढची पाळी दोन वाजता आहे. याहून जास्त काही बोलल्याचे आठवत नाही.

माझी स्वतःची अवस्था वेगळी नव्हती. मी औषधांचे अँप्युल तीन-तीन वेळा मोजत असे. गणवेश कोणी पाहणार नव्हते, वर किट असे. तरी रोज इस्त्री करत असे. झोप तुटक होती. या सगळ्याला मी तेव्हा ताण म्हणत नव्हते. कामाचा बोजा म्हणत होते.

दुसऱ्या आठवड्यात मी वॉर्डला शिस्त लावली. सहाला ताप आणि ऑक्सिजनची नोंद. साडेसातला चहा. आठला दाढी, ज्यांना शक्य आहे त्यांनी. नऊला राऊंड.

राऊंडबद्दल थोडे सांगावे लागेल. लष्करी रुग्णालयात कमांडिंग ऑफिसर वॉर्डमध्ये शिरले की उठता येणारे रुग्ण खाटेजवळ सावधान उभे राहतात. उठता न येणारे पडल्या पडल्या सावधान होतात. पाठीवर, पाय जुळलेले, हात अंगालगत, नजर छताकडे. चादरीची घडी एका रेषेत. वॉर्डचे साहित्य मोजून ट्रॉलीवर मांडलेले. नागरी रुग्णालयातल्या माणसाला हे विचित्र वाटेल. आमच्यात त्याचे कोणाला काही वाटत नाही. कोविड वॉर्डमध्ये ही पद्धत बंद होती. ती मी पुन्हा सुरू केली.

तिचा उपयोग झाला, हेही लिहिले पाहिजे. चार दिवसांत वॉर्डचा आवाज बदलला. म्हातारे रुग्ण आठपासून तयारीला लागत. खाट क्रमांक तीनवरचे निवृत्त सुभेदार आहेर वय बहात्तर, पण मिशीला कंगवा लावल्याशिवाय राऊंडला तयार होत नसत. स्टाफलाही दिवसाचा एक खुंटा मिळाला. नऊपर्यंत सगळे नीट करायचे आहे, एवढेच डोक्यात असले की बाकीचे आत येत नाही. मला तर त्याची सर्वात जास्त गरज होती.

यात माझा उजवा हात होता हवालदार भास्कर गांगुर्डे. वय त्रेचाळीस, गाव निफाड तालुक्यात, विंचूरजवळ. किटमध्ये कोण कोण हे ओळखू येत नसे म्हणून आम्ही छातीवर मार्करने नाव लिहीत असू. गांगुर्डे पाठीवर गावही लिहायचा. त्यामुळे निफाड, लासलगावकडचे रुग्ण त्याला हाक मारून कांद्याचा भाव विचारत.

तो म्हणायचा, "बाबा, आधी ताप उतरू द्या. भाव आत्ताच ऐकला तर परत चढायचा."

रुग्णांना सावधान शिकवायचे काम त्याचेच. विसरलेल्यांना तो पायाशी उभा राहून सांगे, "सुभेदार साहेब, पंचवीस वर्षं दुसऱ्याचे पाय जुळवले. आता सोताचे जुळवा." आहेर त्याला दम भरत आणि पाय जुळवत.

एक अडचण वॉर्डच्या डॉक्टरांनी काढली होती. ते तरुण मेजर होते. ज्यांचा ऑक्सिजन कमी आहे त्यांना पालथे झोपवायचे असते. पालथे झोपल्याने फुप्फुसाचा मागचा भाग मोकळा होतो. अशा माणसाला पाठीवर आणले तर ऑक्सिजन खाली येतो. त्यांनी विचारले की राऊंडला पालथ्या रुग्णांचे काय. मी सांगितले की त्यांनी हलायचे नाही. हा हुकूम तोंडी होता. तो रुग्णांपर्यंत पोचवायचे काम मी गांगुर्डेला दिले आणि त्याने ते चोख केले.

दुसरी गोष्ट ऑक्सिमीटरची. वॉर्डमध्ये मॉनिटर सहा होते. ते सर्वात गंभीर सहा रुग्णांना लावलेले. बाकीच्या अठरा खाटांसाठी बोटाला लावायचे नऊ ऑक्सिमीटर. पहिल्या आठवड्यात त्यातले दोन हरवून पुन्हा सापडले होते. म्हणून मी हुकूम काढला की पावणेनऊला नऊही ऑक्सिमीटर गोळा करायचे, पुसायचे आणि राऊंडसाठी ट्रॉलीवर ओळीत मांडायचे. म्हणजे राऊंड संपेपर्यंत अठरा रुग्णांपैकी कोणाचाही आकडा कोणालाही दिसणार नव्हता. लष्करात साहित्य तपासणीला मांडले जाते. ते त्या वेळी वापरात असावे, असे कोणाच्या मनात आले नाही. माझ्याही नाही.

चौथ्या आठवड्यात एका सोमवारी दुपारी मी गांगुर्डेला ऑक्सिजनच्या सिलिंडरला टेकून उभा पाहिला. तो टेकून उभा राहणारा माणूस नव्हता. मी विचारले, "गांगुर्डे, बरं आहे ना?"

"हाय की मॅडम. किटमधी उकडतंय लय."

त्या दिवशी माझे तीन नर्सिंग असिस्टंट विलगीकरणात होते. ड्यूटी रोस्टरमध्ये रात्रीच्या पाळीला जागा रिकामी होती. मला जे उत्तर हवे होते ते मिळाले आणि मी त्याचे नाव तिथे लिहिले. त्याने दोन पाळ्या सलग केल्या. मंगळवारी सकाळी किट उतरवल्यावर त्याला ताप निघाला. चाचणी पॉझिटिव्ह आली. दुसरे वॉर्ड भरलेले होते, म्हणून त्याला आमच्याच वॉर्डमध्ये खाट क्रमांक चौदा मिळाली. ती खाट आदल्या दिवशी त्यानेच आवरली होती.

रुग्ण म्हणून तो वाईट होता. पडल्या पडल्या काम सांगायचा. सलाइन संपत आले की सिस्टरच्या आधी त्याला दिसायचे. बुधवारी ऑक्सिजन सुरू करावा लागला. बुधवारी संध्याकाळी त्याला पालथे झोपवले.

गुरुवार. साडेसातला त्याची नोंद मी स्वतः घेतली. पालथा, मास्कवर दहा लिटर, ऑक्सिजन त्र्याण्णव. त्याची चहाबद्दल तक्रार होती. "म्या नसलो की चहाचं पार पाणी होतंय, मॅडम," तो म्हणाला, मग हसला आणि त्याला खोकला आला. मी त्याला बोलू नको म्हणून सांगितले.

पावणेनऊला पाळीवरचा नर्सिंग असिस्टंट, नायक शिंदे, ऑक्सिमीटर गोळा करायला निघाला. गांगुर्डेने आपल्या बोटाचा स्वतःच काढून त्याच्याकडे दिला आणि बजावले, "मोजून घे. नऊ भरले पायजे."

नऊ वाजता कमांडिंग ऑफिसर, कर्नल साहेब, दारात आले. मी हुकूम दिला, "वॉर्ड, सावधान."

मी दारात होते. तिथून दोन्ही ओळी दिसतात. दुसऱ्या ओळीतली दुसरी खाट चौदा नंबरची. गांगुर्डे कोपरांवर उठला. कुशीवर वळला, मग पाठीवर आला. मास्क हनुवटीवर घसरला होता, तो त्याने नीट बसवला. चादर ओढून घेतली. पाय जुळवले. हात अंगालगत घेतले.

पालथ्यांनी हलायचे नाही हा हुकूम रुग्णांसाठी होता. तो स्वतःला रुग्ण धरत नव्हता. ज्या वॉर्डला त्याने सावधान शिकवले, तिथे साहेब आल्यावर पोटावर पडून राहणे त्याला जमण्यासारखे नव्हते. हे मला त्याच क्षणी कळले. त्याला परत पालथे करण्यासाठी मला एक वाक्य बोलावे लागले असते. मी बोलले नाही.

का बोलले नाही, याची उत्तरे मी नंतर पुष्कळ शोधली. साहेबांसमोर हुकूम दिल्यावर लगेच त्यात बदल करणे बरे दिसत नाही, हे एक. दोन-चार मिनिटांनी काय होते, हे दुसरे. पण खरे उत्तर असे आहे की त्याला तसा ताठ पडलेला पाहून मला बरे वाटले. माझा आजारी हवालदारसुद्धा सावधान आहे, हे कर्नल साहेबांना दिसावे असे मला वाटले.

नऊ वाजून सहा मिनिटांनी आम्ही चौदा नंबरला आलो. साहेबांनी विचारले, "गांगुर्डे, कैसे हो?"

"ठीक है." मध्ये एक श्वास. मग, "साब."

नर्सिंगच्या पहिल्याच वर्षात शिकवतात की श्वास मोजता येत नसेल तर रुग्णाला बोलते करा आणि एका श्वासात किती शब्द येतात ते पाहा. दीड तासापूर्वी हा माणूस चहाबद्दल एका दमात वाक्य बोलला होता. आता दोन शब्द आले आणि तिसऱ्याला श्वास घ्यावा लागला. हे मी ऐकले. मी त्याच्या नखांकडे पाहिले असते तर रंगही कळला असता. ट्रॉली माझ्यापासून चार पावलांवर होती आणि तिच्यावर नऊ ऑक्सिमीटर ओळीत होते.

साहेब पंधरा नंबरला गेले. तिथली चादर फाटकी होती. त्यांनी चादरींचा साठा विचारला. किती आल्या, किती धुवायला गेल्या, किती बाद केल्या, हे मी सांगितले. आकडे बरोबर होते. त्याला मिनिटभर लागले असेल. मग सोळा, सतरा आणि पुढच्या.

नऊ वाजून अकरा मिनिटांनी राऊंड संपला. साहेब बाहेर पडले. शिंदे ऑक्सिमीटर परत वाटायला निघाला आणि मला त्याची हाक ऐकू आली.

"मॅडम, चौदा."

ऑक्सिमीटरवर एकाहत्तर होते. ओठ निळे. मी, शिंदे आणि सफाई कर्मचारी अशा तिघांनी त्याला उलटे केले. ऑक्सिजन पंधरा लिटरवर नेला. डॉक्टर आतल्या खोलीतून धावत आले. उलटे करताना त्याचे तोंड माझ्या बाजूला होते. तो काहीतरी म्हणत होता. मी कान जवळ नेला.

"राऊंड झाला?"

"झाला."

"विश्राम नाय दिला तुम्ही."

हे खरे होते. सावधान दिल्यावर विश्राम द्यावा लागतो. साहेब गेले आणि मी चौदा नंबरकडे धावले, विश्राम द्यायचा राहिला. मी मान वर करून पाहिले. पालथे रुग्ण सोडले तर दोन्ही ओळींत माणसे अजून सावधान होती, काही खाटेजवळ उभी, बाकीची पाठीवर, पाय जुळवून, छताकडे बघत. चौदा नंबरला काय चालले आहे ते सगळ्यांना ऐकू येत होते. एकानेही मान वळवली नव्हती. मी विश्राम दिला. नऊ वाजून सोळा मिनिटे झाली होती.

नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी त्याला वरच्या मजल्यावरच्या आयसीयूमध्ये हलवले. दुपारी व्हेंटिलेटर लावला. चौथ्या दिवशी, सोमवारी दुपारी, पंधरा चाळीसला हवालदार भास्कर गांगुर्डेचा मृत्यू झाला. मी तेव्हा वॉर्ड दोनमध्ये ड्यूटीवर होते. निरोप फोनवर आला. मी वेळ लिहून घेतली आणि पुढच्या खाटेची सलाइन बदलली.

राऊंडच्या दिवशी केस शीटवर नऊच्या रकान्यात "रुग्ण स्थिर" असे लिहिलेले होते. राऊंडला कागद अपुरे दिसू नयेत म्हणून आम्ही ही नोंद आधीच करून ठेवत असू. अक्षर माझे होते. मी त्यावर रेघ मारली, खाली घडले ते वेळांसह लिहिले आणि सही केली. कर्नल साहेबांनी बोलावून घेतले. ते शांत माणूस होते. म्हणाले की याची गरज नाही, सगळेच थकले आहेत. मी म्हणाले की नोंद तशीच राहू द्यावी. त्यांनी ती राहू दिली. पुढे विचारणा झाली. डॉक्टरांनी मत दिले की सीटी स्कॅन पाहता फुप्फुसे आधीच फार गेली होती आणि अकरा मिनिटांनी परिणाम बदलला असे म्हणता येणार नाही. मी त्यांना विचारले की बदलला नाही असे तरी म्हणता येईल का. ते म्हणाले, तेही नाही. माझ्यावर कारवाई झाली नाही. झाली असती तर तिला शेवट असता.

सावधान मी दुसऱ्याच दिवशी बंद केले. सुभेदार आहेर यांना ते आवडले नाही. "चूक कोणाची झाली असेल ती असेल, मॅडम. आमची परेड का बंद?" असे त्यांनी मला सरळ विचारले. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. त्या परेडवर ती माणसे उभी होती, आणि मीही. मग नऊची वेळ तीच ठेवली आणि पद्धत बदलली. प्रत्येक खाटेजवळ आमच्यातला एक जण बसायचा. रुग्णाने असेल त्या स्थितीत पडून एक पूर्ण वाक्य बोलायचे, कशाबद्दलही. आम्ही शब्द मोजायचे. ऑक्सिमीटर बोटालाच राहायचा. किट चढवण्याआधी स्टाफने एकमेकांचा ताप आणि ऑक्सिजन पाहायचा, स्वतःचा स्वतः नाही. "ठीक आहे" हे उत्तर कोणाकडून घ्यायचे नाही, असेही मी सांगितले. किट उतरवायच्या खोलीत बसून राहिलेल्या त्या लेफ्टनंटला मी एकदा "ठीक आहे" न स्वीकारता विचारले, तेव्हा ती पाऊण तास बोलली. मी उठले नाही. हे आधीही करता आले असते.

वॉर्ड बंद झाल्यावर, दोन महिन्यांनी, मी विंचूरला गेले. गांगुर्डेचे घर गावाबाहेर वस्तीवर आहे. त्याच्या पत्नीला, मंगलताईंना, मी तो ड्यूटीवर कसा होता, किती रुग्ण त्याने घरी पाठवले, हे सांगितले. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांना लय त्रास झाला का, मॅडम?"

"होत असणार. मी विचारलं नाही."

"का नाय विचारलं?"

मी सगळे सांगितले. नऊपासून. त्यांनी मध्ये रडणे किंवा ओरडणे काही केले नाही. फक्त दर थोड्या वेळाने विचारत, तुम्ही तेव्हा कुठं उभ्या होत्या. मी जागा सांगत गेले. दारात. तेरा नंबरच्या पायाशी. पंधरा नंबरजवळ. राऊंड अकरा मिनिटांचा होता, सांगायला मला पाऊण तासाच्या वर लागला.

"पोरीला तुम्हीच सांगा कधीतरी," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं नाय व्हायचं. मी सांगायला गेले तर तुमचा राग येईल मला, आणि आत्ता मला तो नको हाय."

मुलगी तेव्हा नववीत होती. तिचे नाव प्रज्ञा. मी पुढे निवृत्त झाले. आता नाशिकमध्येच एका नर्सिंगच्या संस्थेत शिकवते. गांगुर्डे गेला त्या तारखेला दर वर्षी वस्तीवर जाते. प्रज्ञा चहा करते आणि वडिलांबद्दल विचारते. ते वॉर्डमध्ये कसे होते, लोक त्यांचे ऐकत का. मी सांगते ते खरे असते, पण बुधवारपर्यंतचे असते. मंगलताई दारात उभ्या राहून ऐकतात. मी निघाले की रस्त्यापर्यंत सोडायला येतात आणि काही विचारत नाहीत. आता प्रज्ञाला अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत.

समोर बसून सांगणे मला चार वर्षांत जमले नाही, म्हणून हे लिहिले आहे. पहिली प्रत तिला देणार आहे. वाचून झाल्यावर तिने मला वस्तीवर येऊ द्यायचे की नाही, हे तिने ठरवायचे. तिच्या वडिलांनी त्या सकाळी हुकूम पाळला. हुकूम माझा होता.